मेथोट्रेक्सेटची 'आठवड्याची गोळी' आणि पावसाळा : दोन तारखांच्या मध्ये काय काय बघायचं?

देवगड_औषधवाला

सोरायसिसवर (कातडीवर खवलेदार चट्टे उठवणारा आजार) पोटातून घ्यायचं औषध लिहिलेले तीन पेशंट आहेत. तिघांचेही त्वचारोगतज्ज्ञ कोल्हापूरला. घाट चढून तिथे जाणं तीन महिन्यांतून एकदाच, मधल्या काळात ते येतात दुकानात नाहीतर प्राथमिक आरोग्य केंद्रात.

पहिला : वय ४८, आंब्याच्या बागेत आणि पावसाळ्यात भातलावणीला. मेथोट्रेक्सेट १५ मिग्रॅ आठवड्यातून एकदा, सोबत फॉलिक ॲसिड ५ मिग्रॅ. दुसरा : ट्रॉलरवर खलाशी, वजन ६० किलो, सायक्लोस्पोरिन सुरू करायचं ठरलंय. तिसऱ्या : ५६ वर्षांच्या बाई, तळहात-तळपायांचा सोरायसिस, अ‍ॅसिट्रेटिन २५ मिग्रॅ रोज.

विचारायचं असं की फॉलिक नक्की कोणत्या वारी? रक्ताचा रिपोर्ट कुठपर्यंत चालवून घ्यायचा? लेप्टोच्या (चिखल-पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाच्या) दिवसांत गावात डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक वाटतात, ती या तिघांनी घ्यावी का? आणि मासे बंद करावेत का, हे तर तिघेही विचारतात.

त्वचा_चिपळूण

मेथोट्रेक्सेटपासून सुरुवात करतो, कारण जीवावर बेतणारा गोंधळ तिथेच होतो.

१५ मिग्रॅ म्हणजे २.५ च्या सहा गोळ्या, आठवड्यातून एकाच दिवशी. बाजारात २.५, ५, ७.५, १०, १५ अशा सगळ्या ताकदीच्या मिळतात. एका पेशंटला कायम एकच ताकद द्या, शक्यतो २.५ ची. सहा गोळ्यांची सवय झालेल्या माणसाला 'अडीचची संपली, दहाची घेऊन जा' म्हटलं की तो घरी जाऊन सहाच मोजतो. झाले ६० मिग्रॅ. आणि चिठ्ठीवर १-०-० (रोज सकाळी एक) असं काही लिहिलेलं असेल तर गोळी देऊच नका, आधी डॉक्टरांना फोन लावा. मेथोट्रेक्सेटने जी माणसं दगावतात त्यांतली बरीचशी रोज घेतल्यामुळे. 'रोज घेतलंय तर बेगीन बरा होतला' हा हिशोब इथे चालत नाही. शरीरातल्या पेशींना मधले सहा दिवस सावरायला मिळतात म्हणून तर औषध झेपतं.

वार ठरवताना गावच्या आठवडा बाजाराचा धरा, तो कोणी विसरत नाही. फक्त बाजारातून परतताना माडी प्यायला थांबायची सवय असेल तर दुसरा वार बघा. उपास-संकष्टीच्या खुणा नकोत, तिथी फिरते. ठरलेला वार पाकिटावर मार्करने मराठीत लिहा : 'फक्त बुधवार. ६ गोळ्या. इतर दिवशी नाही.' पुढच्या वेळी आला की पाकीट मागा आणि उरलेल्या गोळ्या मोजा. चार आठवड्यांच्या २४ दिल्या आणि दहा दिवसांत संपल्या, तर काय चाललंय ते तिथेच कळतं.

फॉलिक ॲसिड मेथोट्रेक्सेटच्या दुसऱ्या दिवशी, आठवड्यातून एक. काही डॉक्टर मेथोट्रेक्सेटचा वार सोडून रोज देतात, तेही चालतं. त्याने मळमळ, तोंड येणं आणि यकृताच्या एन्झाइम्सची वाढ कमी होते. अडचण दिसण्यात आहे. दोन्ही गोळ्या पिवळ्या, लहान, आणि नावंही जुळ्या भावांसारखी : फॉलिट्रॅक्स म्हणजे मेथोट्रेक्सेट, फॉल्व्हाइट म्हणजे फॉलिक. दोन्ही एकाच पाकिटात कधीच घालू नका.

गोळी राहिली तर दोन दिवसांच्या आत आठवली तर घ्यायची, त्याहून उशीर झाला तर तो आठवडा सोडायचा. पुढच्या वारी दुप्पट नाही. चुकून जास्त घेतली गेली तर 'बघू काय होतं' म्हणून थांबू नका, त्याच दिवशी रुग्णालयात पाठवा. उतारा आहे, फोलिनिक ॲसिड म्हणजे ल्युकोव्होरिन, पण तो जितका लवकर मिळेल तितका उपयोगी. नेहमीचं फॉलिक त्या जागी चालत नाही.

मळमळीने पेशंट औषधच सोडतो. अशा वेळी सहा गोळ्यांचे तीन भाग करून बारा-बारा तासांनी देता येतात : संध्याकाळी २, सकाळी २, पुन्हा संध्याकाळी २. हे डॉक्टरांनी लिहून दिलं तरच, आणि वार-वेळ कागदावर मांडून. तोंडी सांगितलं की 'सकाळ-संध्याकाळ दोन-दोन' एवढंच डोक्यात राहतं, आणि मग रोज चालू होतं.

फरक दिसायला चार ते आठ आठवडे, पुरता परिणाम १६ ते २४ आठवड्यांत. महिन्याभरात 'काय गुण नाही' म्हणून बंद करणारे खूप. अपेक्षाही सरळ सांगा : मोठ्या चाचण्यांत १६ आठवड्यांनी ७५ टक्के सुधारणा गाठणारे साधारण ३५ ते ४१ टक्के होते. खूप नाही, पण या किमतीत दुसरं काही इतकं मिळत नाही.

दारूबद्दल : माडी, हुर्राक, फेणी, सगळी दारूच. 'माडी थंड असते' हे यकृताला माहीत नसतं.

कुडाळ_लॅब

रिपोर्टबद्दल मी सांगतो. आधी रक्त कधी काढायचं ते. मेथोट्रेक्सेट घेतल्यावर पहिले एक-दोन दिवस एसजीओटी-एसजीपीटी (यकृताची एन्झाइम्स) आपोआप वर जातात. बुधवारी गोळी आणि गुरुवारी रक्त दिलं तर रिपोर्ट उगाच घाबरवतो. पुढच्या डोसच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी गोळीआधी काढायचं.

दुसरी गडबड नमुन्याची. गावातून साधी बल्ब एसटीच्या पार्सलने येते, उन्हात गचके खात. तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं एएसटी, म्हणजे एसजीओटीच, बाहेर येऊन एसजीओटी खोटं वाढतं, पोटॅशियमही. वरचं पाणी गुलाबी दिसलं तर तो आकडा धरू नका. अर्धा तास रक्त गोठू द्या, फिरवून सीरम वेगळं करा, मग पाठवा. सीबीसीची (रक्तपेशींच्या मोजणीची) जांभळी बल्ब त्याच दिवशी पोचली पाहिजे.

थांबून डॉक्टरांना फोन करायचे आकडे, ब्रिटनमधल्या देखरेखीच्या नियमांप्रमाणे : पांढऱ्या पेशी ३५०० च्या खाली, त्यांतल्या न्यूट्रोफिल १६०० च्या खाली, प्लेटलेट १ लाख ४० हजारांच्या खाली, एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) १०५ च्या वर, एसजीओटी किंवा एसजीपीटी १०० च्या वर, ईजीएफआर (मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता) ६० च्या खाली. एका आकड्यापेक्षा उतार बघा. ९०००, ६५००, ४२०० असं तीन रिपोर्टांत उतरत असेल तर तिसरा रिपोर्ट 'नॉर्मल' असला तरी कळवायचं.

सुरुवातीला एक-दोन आठवड्यांनी, डोस ठरला की महिन्याने, नंतर दोन-तीन महिन्यांनी. औषध सुरू व्हायच्या आधी कावीळ बी आणि सी, एचआयव्ही, छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी झालेली असावी. फाइलमध्ये नसेल तर विचारा.

यकृतात वण पडतायत का याचा अंदाज घरच्या घरी काढता येतो, त्याला फिब-४ म्हणतात. वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. तुमचा पहिला पेशंट ४८ वर्षांचा. समजा एसजीओटी ४०, एसजीपीटी ४९, प्लेटलेट २ लाख २० हजार. वर १९२०, खाली २२० गुणिले ७ म्हणजे १५४०. उत्तर १.२५. १.३ च्या खाली असेल तर चिंता कमी, २.६७ च्या वर गेलं तर फायब्रोस्कॅनला (यकृत किती कडक झालंय ते मोजणाऱ्या तपासणीला) पाठवायलाच हवं. मधल्या पट्ट्यात डॉक्टर ठरवतील. मधुमेह, सुटलेलं पोट आणि दारू यांतलं काही असेल तर जरा जास्तच सावध.

सिस्टर_मालवण

डॉक्सीचा प्रश्न बरा काढलात. त्याआधी एक गोष्ट.

जूननंतर कोकणातल्या एका घरात 'आठवड्याची गोळी' तीन प्रकारची असू शकते. शेतात उतरणाऱ्याला लेप्टोची डॉक्सी २०० मिग्रॅ आठवड्यातून एकदा. शाळेतल्या मुलीला लोह-फॉलिकची निळी गोळी आठवड्यातून एकदा. आणि बापाची मेथोट्रेक्सेट. आशाताईने 'आठवड्याची गोळी घेतलीत का?' विचारलं की बाप 'होय' म्हणतो, आणि ती आपल्या वहीत डॉक्सीवर खूण करते. उलटंही होतं. म्हणून अशा घरात गोळीचं नावच घ्यायचं, 'आठवड्याची' हा शब्द वापरायचा नाही. मेथोट्रेक्सेटचा डबा वेगळा, वर, मुलांच्या हाताबाहेर. घरात कोणी गरोदर असेल तर तिने ती गोळी हाताळू नये, फोडायची तर मुळीच नाही.

आता डॉक्सी. मेथोट्रेक्सेटवाल्यात तिने मेथोट्रेक्सेटचा विषारीपणा वाढू शकतो. त्यामुळे लावणीच्या आधीच त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठेवायचं, गावात वाटप सुरू झाल्यावर नाही. घ्यायची ठरली तर वार वेगळा आणि त्या महिन्यात सीबीसी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) जास्तीचं. अ‍ॅसिट्रेटिनच्या बाईंना डॉक्सी नाही म्हणजे नाही. दोन्ही मिळून डोक्यातला दाब वाढतो : सतत डोकेदुखी, उलटी, नजर अंधुक. त्यांच्या कार्डावर लाल शाईने लिहा. त्यांच्यासाठी पर्याय कोणता ते डॉक्टर सांगतील.

औषधाहून महत्त्वाचं म्हणजे पाय. लेप्टोचे जंतू भेगांतून, जखमांतून शिरतात, आणि सोरायसिसचा तळपाय म्हणजे भेगाच भेगा. त्या बाईंनी चिखलात उतरूच नये. पहिल्या पेशंटने उतरायचं तर गमबूट, आणि आतला मोजा रोज सुका. भेगांना पट्टी लावून वर बूट. आत पाणी शिरलेला गमबूट न घातलेलाच बरा.

ताप आला तर : १००.४ फॅरेनहाइटच्या वर गेला की त्या आठवड्याची मेथोट्रेक्सेट थांबवायची आणि त्याच दिवशी सीबीसी, प्लेटलेट, क्रिएटिनिन. प्लेटलेट डेंगीत पडतात, लेप्टोत पडतात आणि मेथोट्रेक्सेटनेही पडतात. दिसायला तिन्ही सारखंच, पण मेथोट्रेक्सेट चालू आहे हे तपासणाऱ्याला सांगितलं नाही तर त्याच्या मनात ते येणारच नाही. लेप्टोने मूत्रपिंड बसलं की मेथोट्रेक्सेट शरीरातून बाहेर पडत नाही, साचतं. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालं तरी तेच. लेप्टोचा उपचार मात्र सोरायसिससाठी एक तासही लांबवायचा नाही. थांबतं ते मेथोट्रेक्सेट.

तोंडात फोड, घसा सोललेला, अंगावर निळे डाग, कोरडा खोकला आणि धाप : यांतलं काहीही दिसलं तर पुढची गोळी नाही. तोंड आलं म्हणून बी-कॉम्प्लेक्स देऊन पाठवणं ही आपल्याकडची जुनी सवय आहे, इथे ती महागात पडते.

गुहागर_जीपी

सिस्टरांच्या म्हणण्यात एक भर. लघवीच्या जळजळीला किंवा जुलाबाला को-ट्रायमोक्सॅझोल हे प्रतिजैविक सर्रास लिहिलं जातं, दुकानातून मागूनही नेतात. मेथोट्रेक्सेट चालू असताना ही जोडी कधीही नको. दोन्ही फोलेटचाच (शरीरातल्या फॉलिकचा) रस्ता अडवतात, शिवाय मेथोट्रेक्सेट बाहेर पडणंही मंदावतं, आणि अस्थिमज्जा बसते. वयस्कर माणसात हे काही दिवसांत होतं. देवगडकर, बाकी सगळं विसरलात तरी काउंटरवर हे एक लावून ठेवा.

पेनकिलरचं तसं कडक नाही, पण मूत्रपिंडावर लक्ष नसताना डायक्लो-असेक्लो चालवू नका. अंगदुखीला पॅरासिटामॉल. सायक्लोस्पोरिनवाल्याला तर डायक्लोचं इंजेक्शन नकोच, दोन्ही मूत्रपिंडालाच झोडपतात.

मासे बंद करायची गरज नाही. बांगडा खाल्ला म्हणून चट्टे वाढतात असं नाही, आणि जेवण तोडलेला पेशंट पथ्य सोडताना औषधही सोडतो. कोणाला एखाद्या माशाने खाज येत असेल तर तेवढा मासा टाळावा, विषय संपला.

गुळवेलीच्या काढ्याबद्दल मात्र विचारा, परसात वेल असतेच. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापल्या आहेत. मेथोट्रेक्सेटच्या जोडीला ती नको, नाहीतर एसजीपीटी वाढलं तर कशाने ते कळणार नाही. आणि 'गॅरंटीच्या' बिननावाच्या पुड्या : त्यात स्टेरॉइड असलं तर आठ दिवसांत कातडी स्वच्छ होते, आणि पुडी थांबली की सोरायसिस दुपटीने उसळतो, कधी पू भरलेल्या फोडांसकट.

देवगड_औषधवाला

सगळ्यांचे आभार. को-ट्रायमोक्सॅझोलचं उद्याच लावतो. खलाशाचं आणि बाईंचं राहिलं. शिवाय पहिला पेशंट मोबाइलवर वाचून आला, 'ही कॅन्सरची गोळी दिलीत' म्हणतो. काय सांगू?

त्वचा_चिपळूण

त्याला सांगा, होय, तीच गोळी, पण कॅन्सरमध्ये ती काही वेळा ग्रॅमच्या हिशोबात शिरेतून देतात, तुझ्या आठवड्याला १५ मिलिग्रॅम आहेत. सोरायसिसवर या जातीच्या औषधाचा गुण १९५१ मध्ये अमिनोप्टेरिन देताना दिसला, अमेरिकेत मेथोट्रेक्सेटला सोरायसिससाठी रीतसर मान्यता १९७२ पासून आहे. (जाता जाता : ज्या फॉलिकने आपण हे औषध सुसह्य करतो त्याचा माग मुंबईतून लागला. ल्युसी विल्स यांनी गिरणी कामगार बायकांच्या गरोदरपणातल्या पंडुरोगावर इथे काम केलं आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे १९३१ मध्ये मांडलं.)

खलाशी. सायक्लोस्पोरिन झटपट लागू पडतं, दोन ते चार आठवड्यांत. डोस किलोला २.५ ते ५ मिग्रॅ रोज, दोन भागांत. ६० किलोला ३ मिग्रॅने १८० होतात. कॅप्सूल २५, ५० आणि १०० च्या, म्हणून जवळात जवळ १७५ : सकाळी ७५, रात्री १००. सुरू करायच्या आधी रक्तदाब आणि क्रिएटिनिन दोन वेगवेगळ्या दिवशी, मग पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी.

समुद्रात आठ-दहा दिवस असणाऱ्याला हे कसं जमायचं? मासेमारी बंदीच्या काळात सुरू करा. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस माणूस घरी असतो. चार तपासण्या किनाऱ्यावर होतात आणि डोस बसतो. उरलेल्या दोन तपासण्या समुद्रावरच्या फेऱ्यांच्या मधे बसवायच्या. डॉक्टरांना ही तारीख आपणहून सुचवा, घाटावरच्या माणसाच्या ती लक्षात येत नाही.

क्रिएटिनिन वाचताना लॅबच्या नॉर्मलशी तुलना करू नका, त्याच्या स्वतःच्या सुरुवातीच्या आकड्याशी करा. ०.८ चं १.१ झालं तर लॅबचा कागद गप्प असतो, पण वाढ साडेसदतीस टक्के आहे. मूळ आकड्याच्या २५ ते ३० टक्के वर गेलं की पुन्हा तपासायचं आणि डोस कमी करायचा, तरी उतरलं नाही तर बंद. रक्तदाब दोनदा १४०/९० च्या वर आला तर बहुतेक वेळा अ‍ॅम्लोडिपिन देतात. डिल्टियाझेम, व्हेरापामिल नको, त्यांनी सायक्लोस्पोरिनची पातळी चढते. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन आणि बुरशीवरच्या गोळ्यांनीही चढते. टीबीच्या रिफाम्पिसिनने उलट पडते.

आणि पपनस. गणपतीच्या माटवीला (मूर्तीवरच्या टांगत्या चौकटीला) बांधलेलं पपनस विसर्जनानंतर घरात सोललं जातं. ग्रेपफ्रूट याच कुळातलं, आणि त्याने सायक्लोस्पोरिनची पातळी चढते. पपनसाच्या रसानेही आतड्यातून शोषलं जाणारं सायक्लोस्पोरिन वाढतं. हे औषध चालू असेपर्यंत पपनस बंद. लिंबू चालेल.

कॅप्सूल पट्टीतून काढून डबीत भरायच्या नाहीत, घेतानाच काढायच्या. ३० अंशांच्या वर ठेवायच्या नाहीत, म्हणजे इंजिनाजवळच्या कप्प्यात नाहीत. डेकवर पूर्ण बाह्या आणि टोपी, कारण या औषधावर त्वचेच्या कॅन्सरचा धोका वाढतो, आणि सोबत प्रकाशोपचार करायचे नाहीत. एक वर्षाच्या वर सहसा चालवत नाहीत, फार तर दोन. हे तात्पुरतं आहे, पुढचं औषध कोणतं ते आजच विचारून ठेवा.

बाई. अ‍ॅसिट्रेटिन मुख्य जेवणानंतर घ्यायचं, पोटात थोडं तेल-तूप असलं की नीट शोषलं जातं. ओठ सुकतील, जवळजवळ सगळ्यांचेच सुकतात. कोकमतेल उत्तम, ओठांना आणि टाचांनाही. तळहाताची कातडी पातळ, चिकट लागते, भांडी घासताना झोंबते, तेव्हा सुती हातमोज्यावर रबरी मोजा. केस गळले तर औषध थांबल्यावर येतात. गुण यायला तीन ते सहा महिने. उपाशीपोटी कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराइड आणि यकृताची तपासणी पहिले दोन महिने दोन-चार आठवड्यांनी, पुढे तीन महिन्यांनी. शार्क किंवा कॉड लिव्हर ऑइलच्या कॅप्सूल नकोत, त्यात जीवनसत्त्व अ असतं आणि अ‍ॅसिट्रेटिन त्याच्याच घराण्यातलं. मेथोट्रेक्सेटच्या जोडीला हे देत नाहीत, यकृतावर दोन्हीचा भार पडतो.

हे औषध गर्भाला घातक आहे. त्यांची पाळी गेलेली असेल तर गर्भाचा प्रश्न येत नाही. पण घरातल्या मुलीला-सुनेला 'माझ्या हाताला बरं वाटलं, तू पण घे' म्हणून एकही कॅप्सूल जाता कामा नये. बंद केल्यावर तीन वर्षं गर्भ राहू द्यायचा नाही, आणि तीन वर्षं रक्तदानही नाही.

मेथोट्रेक्सेटवरही बाईने मूल हवं असेल तर काही महिने आधी बंद करावं लागतं, किती ते डॉक्टर सांगतील. पुरुषांनीही विचारावं.

देवगड_औषधवाला

पहिल्या पेशंटला मळमळ थांबत नाही म्हणून आता कातडीखाली इंजेक्शन लिहिलंय, १५ मिग्रॅच. घरी बायको देणार, तिला इन्सुलिन देता येतं. इन्सुलिनची सिरिंज चालेल ना?

सिस्टर_मालवण

देऊ नका. इन्सुलिनच्या सिरिंजवर युनिट असतात, मिली नसतात, आणि आपल्याकडे ४० ची आणि १०० ची अशा दोन्ही मिळतात. कुपीवर किती मिग्रॅला एक मिली ते आधी वाचा. २५ मिग्रॅ प्रति मिली असेल तर १५ मिग्रॅला ०.६ मिली. हे ४० च्या सिरिंजवर २४ वी रेघ आणि १०० च्या सिरिंजवर ६० वी. तिला '२४' पाठ करून दिलं आणि पुढच्या महिन्यात तुमच्याकडून १०० ची गेली, तर जाईल ०.२४ मिली, म्हणजे सहाच मिलिग्रॅम. मग दोन महिन्यांनी सगळे म्हणणार इंजेक्शनचा गुण नाही.

एक मिलीची ट्युबरक्युलिन सिरिंज द्या, तिच्यावर मिलीचे भाग असतात, ०.०१ पर्यंत बारीक. सुई मात्र बारीक, कातडीखालची. ०.६ वर पर्मनंट मार्करने रेघ मारून नमुना म्हणून एक रिकामी सिरिंज घरी ठेवायला द्या. पोट किंवा मांडी, दर वेळी जागा बदलून, चट्ट्यावर नाही. तिला मोजे घालू दे. वापरलेली सिरिंज टोपण न लावता जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत, आणि बाटली भरली की आरोग्य केंद्रात आणून द्यायची. आणि पहिली दोन इंजेक्शनं तिने केंद्रात येऊन आमच्यासमोर द्यावीत.